टेबलं आठ, सर्व्हर एक: ऑफिसातल्या फायलींचा बॅकअप नेमका कुठं फसतो?

बेळगाव : कर सल्लागाराचं कार्यालय असो, पतसंस्थेची शाखा असो की उद्यमबागेतल्या कारखान्याचं ऑफिस, संगणक सुरू होईना झाला की पहिला फोन दुरुस्तीवाल्याला जातो. तो येतो, झाकण उघडतो आणि विचारतो, 'आत काही महत्त्वाचं होतं काय?' या प्रश्नावर ऑफिसातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात. कारण त्या संगणकात नेमकं काय होतं, हे त्यावर बसणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा वेळी एक आशा असायची. हार्ड डिस्क बिघडली तरी डेटा रिकव्हरीवाला पैसे घेऊन बरंचसं बाहेर काढून द्यायचा. चुकून डिलीट झालेल्या फायलीही परत मिळायच्या, कारण जुन्या डिस्कवर डिलीट करणं म्हणजे अनुक्रमणिकेतून नाव खोडणं, पान जागेवरच राहायचं. आता बहुतेक नव्या संगणकांत एसएसडी असते. तिच्यात 'ट्रिम' नावाची सोय आहे. फाइल डिलीट झाली की ती जागा रिकामी झाल्याचं विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती पुसून पुढच्या कामाला तयार ठेवते. त्यामुळं डिलीट झालेली फाइल हुडकून काढण्याची शक्यता फार कमी उरते. संगणक वेगवान झाले, पण हातून गेलेलं परत मिळवण्याची वाट अरुंद झाली. यासाठी प्रत्येक टेबलावरच्या संगणकातल्या फायलींची प्रत रोज एका ठिकाणी, म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवर, जमा करण्याची पद्धत लहान कार्यालयांनाही लावून घ्यावी लागणार आहे.

आधी हुडका, मग कॉपी करा

समजा, शहापुरात आठ संगणकांचं एक कर सल्लागाराचं कार्यालय आहे. मालकाला विचारलं तर तो सांगेल, 'आमचं सगळं टॅलीत आहे.' प्रत्यक्षात टॅलीत फक्त हिशेब असतात. ग्राहकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली बँक स्टेटमेंट्स 'डाउनलोड्स'मध्ये पडलेली असतात. विवरणपत्रांच्या जेसन फायली डेस्कटॉपवर. नोटिशीला दिलेली उत्तरं 'डॉक्युमेंट्स'मध्ये, 'न्यू फोल्डर (३)' अशा नावाखाली. स्कॅन केलेले खरेदीखत, भाडेकरार स्कॅनरनं स्वतःच निवडलेल्या भलत्याच फोल्डरमध्ये. ईमेल आउटलुकच्या एका मोठ्या पीएसटी फायलीत. आणि पोर्टलचे पासवर्ड? ते ब्राउझरमध्ये 'सेव्ह' केलेले, म्हणजे कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाहीत.

टॅलीच्या बाबतीतही घोळ असतो. टॅली प्राइमचा डेटा, मुद्दाम दुसरी जागा दिलेली नसेल तर, सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये जाऊन बसतो. संगणकावर बसणाऱ्याच्या नावाचा फोल्डर तेवढा बॅकअपला लावला तर डॉक्युमेंट्स येतात, डेस्कटॉप येतो आणि टॅली तेवढी राहून जाते. कंपन्यांचे फोल्डर तिथं नावानं नसतात, आकड्यांनी असतात. त्यामुळं कुठला फोल्डर कुणाचा, हेही बघून कळत नाही.

म्हणून सर्व्हर विकत घेण्याच्या आधीचं काम कागद-पेनाचं आहे. प्रत्येक टेबलापाशी जाऊन त्या माणसाला रोज कुठली फाइल कुठून उघडतो, हे करून दाखवायला सांगायचं आणि लिहून घ्यायचं. आठ टेबलांना अर्धा दिवस लागेल. हे न करता लावलेला बॅकअप रोज रात्री इमानदारीनं चुकीचे फोल्डर कॉपी करत राहतो. जाता जाता संगणकांची नावंही बदलून घ्यावीत. 'सुनीता-पीसी' नावाच्या संगणकावर चार वर्षांनी दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. 'टेबल-३', 'काउंटर-१' अशी जागेवरून नावं द्यावीत.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

'आम्ही डी ड्राइव्हला पण कॉपी ठेवतो' हे वाक्य या धंद्यातल्या कुठल्याही तंत्रज्ञाला पाठ असतं. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाट जळालं तर दोन्ही कप्पे जळतात. पेन ड्राइव्हचंही तसंच. तो एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फायली न्यायला ठीक, वर्षानुवर्षं जपायला नाही.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क लावून 'रेड' केलं आहे, एक गेली तरी दुसरी चालते, हा दुसरा समज. हे खरं आहे, पण त्याचा उपयोग काम न थांबण्यापुरता. कुणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्हवर टाकलेल्या फायलींबद्दलही हाच विचार करावा. सिंक म्हणजे आरसा आहे. इकडं बिघडलं की तिकडंही बिघडलेलंच दिसतं. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी काही दिवस मिळते, नाही असं नाही, पण ती मुदत संपल्यावर लक्षात आलं तर हात चोळत बसावं लागतं. शिवाय फुकटात वनड्राइव्ह ५ जीबी आणि गुगल खातं १५ जीबी जागा देतं. गुगलच्या १५ जीबीत ईमेल आणि फोटोही धरलेले असतात. मध्यम ऑफिसच्या नुसत्या स्कॅनला ती पुरत नाही.

ढकलायचं की ओढून घ्यायचं?

मध्यवर्ती बॅकअपचं सर्वांत सोपं रूप असं: सर्व्हरवर एक शेअर केलेला फोल्डर, तो प्रत्येक संगणकावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडलेला, आणि ठरल्या वेळी प्रत्येक संगणक आपल्या फायली तिथं ढकलतो. सीमाभागातल्या लहान ऑफिसांत बॅकअप असला तर बहुधा याच पद्धतीचा असतो. चालतोही बरा. रॅन्समवेअर येईपर्यंत.

रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'नं जगभर हेच केलं. विंडोजमध्ये फायली शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीत एक भोक होतं, मायक्रोसॉफ्टनं त्याचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, देऊन ठेवला होता. ज्यांनी तो घातला नव्हता ते सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर अशाच हल्ल्यानं ठप्प झाले आणि कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडण्यात आलं. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्यामुळं अडकले. हे मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांचं दुखणं आहे, असं आता म्हणता येत नाही.

असा प्रोग्राम एखाद्या टेबलावर शिरला की त्या संगणकाला ज्या ज्या ठिकाणी लिहिण्याची परवानगी आहे, तिथं तिथं तो पोचतो. जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला उघड्या दारासारखा. आठही जणांना त्या फोल्डरमध्ये सगळीकडं लिहिता येत असेल, तर एका टेबलावरच्या चुकीनं आठ टेबलांचा बॅकअप जातो. ज्या दिवशी बॅकअपची गरज पडते त्याच दिवशी तो नसतो.

उपाय अवघड नाही, फक्त दिशा बदलायची. संगणकानं सर्व्हरकडं फायली ढकलण्याऐवजी सर्व्हरनं संगणकाकडून त्या ओढून घ्यायच्या. प्रत्येक संगणकावर बॅकअपसाठी एक वेगळं खातं तयार करायचं, त्याला ठरलेले फोल्डर फक्त वाचण्याची मुभा द्यायची. सर्व्हर त्या खात्यानं येतो, नवीन-बदललेलं घेतो आणि जातो. उलट बाजूनं, कुठल्याही टेबलावरून सर्व्हरवरच्या बॅकअपच्या जागेत लिहिता येत नाही. बँकेत तिजोरीची किल्ली काउंटरवर ठेवत नाहीत, तसंच हे. सर्व्हरवर बसून कुणी ईमेल बघू नये, गाणी लावू नयेत, हेही त्यातच आलं.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. 'अर्बॅकअप' हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. सर्व्हरवर एक भाग, प्रत्येक संगणकावर छोटा दुसरा भाग, आणि कुठल्या टेबलाचा शेवटचा बॅकअप कधी झाला हे एका पानावर दिसतं. 'बॅकअपपीसी' हेही मोफत, पण त्याला लिनक्स लागतं. नॅस म्हणून मिळणाऱ्या तयार पेटीत बहुतेक कंपन्या स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर देतात. ती पेटी इंटरनेटवरून थेट उघडी मात्र ठेवू नये. २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या रॅन्समवेअरनं अशा उघड्या ठेवलेल्या पेट्याच शोधून काढल्या होत्या. घरून फाइल बघायची हौस असेल तर व्हीपीएन लावून घ्यावं.

जुना संगणक सर्व्हर म्हणून चालेल का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. चालेल. बॅकअपच्या कामाला फार ताकद लागत नाही. डिस्क मात्र नवी घ्यावी आणि ऑफिसच्या आजच्या एकूण डेटाच्या तिप्पट-चौपट घ्यावी. जुन्या संगणकाला जुनीच डिस्क ठेवून त्यावर आठ टेबलांचा भार टाकणं म्हणजे निवृत्त पहारेकऱ्याला रात्रपाळी देणं.

एका आज्ञेची गोष्ट

ज्यांना सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडायचं नाही ते विंडोजमधली 'रोबोकॉपी' ही आज्ञा वापरतात. ती विंडोजबरोबरच येते, बदललेल्या फायलीच तेवढ्या उचलते आणि 'टास्क शेड्यूलर'मध्ये लावली की आपोआप चालते. तिच्यातल्या दोन गोष्टी माहीत नसल्या तर मात्र ती अंगाशी येते.

पहिली म्हणजे 'मिर' हा पर्याय. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करायचं काम तो करतो. म्हणजे टेबलावरून जे डिलीट झालं ते सर्व्हरवरूनही डिलीट करतो. सोमवारी एखाद्या ग्राहकाचा फोल्डर चुकून उडाला आणि गुरुवारी ध्यानात आलं, तर बॅकअपमधूनही तो सोमवारीच गेलेला असतो. 'मिर' वापरायचाच तर रोज वेगळ्या फोल्डरमध्ये वापरावा: सोमवारचा सोमवारच्या, मंगळवारचा मंगळवारच्या.

दुसरी गंमत चिकाटीची आहे. एखादी फाइल उघडी असल्यानं कॉपी झाली नाही, तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? वेगळं सांगितलं नसेल तर १० लाख वेळा. हिशेब मांडला तर एका अडकलेल्या फायलीपाशी ती ३४७ दिवस उभी राहू शकते. ऑफिसात सगळ्यांना वाटतं बॅकअप चालू आहे. चालूच असतो, पण पहिल्याच टेबलाच्या आउटलुकपाशी. प्रयत्नांची संख्या एक-दोनवर आणून ठेवावी आणि काय राहिलं याची नोंदफाइल लिहायला सांगावी.

सहा वाजता मेन स्विच

बॅकअप रात्री अकराला लावायचा, हा सल्ला मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकातला आहे. टिळकवाडी किंवा खडेबाजारातल्या ऑफिसात संध्याकाळी कुलूप लावताना शिपाई मेन स्विच खाली ओढतो आणि तो बरोबरच करतो. त्यानंतर सर्व्हर कुणाकडून काय ओढून घेणार? इथल्या ऑफिसांना दुपारची जेवणाची वेळ उत्तम. दीड ते अडीचच्या दरम्यान संगणक चालू असतात आणि टॅली बंद करून माणसं डबा खायला उठलेली असतात. निम्मे संगणक दीडला, निम्मे दोनला असं वाटून दिलं की नेटवर्कवर गर्दी होत नाही.

सर्व्हरला, आणि विसरू नये असं म्हणजे नेटवर्कच्या स्विचलाही, वेगळी लाइन आणि यूपीएस लागतो. हेस्कॉमची वीज मधेच गेली आणि सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला, तर ती प्रत अर्धवट राहते. अर्धवट प्रत नावानं आणि तारखेनं पुऱ्या प्रतीसारखीच दिसते.

वेगाचा हिशेबही एकदा मांडावा. जुना स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ११-१२ एमबी जातात. १०० जीबीची पहिली प्रत काढायला अडीच तास लागतील. गिगाबिट स्विच आणि चांगली केबल असेल तर तेच काम पंधरा-वीस मिनिटांचं. पहिली प्रत रविवारी ऑफिस उघडून काढून घ्यावी. पुढं रोज बदललेलंच तेवढं जातं, तेव्हा डबा संपेपर्यंत काम उरकतं.

टॅली, आउटलुक आणि फाँट

टॅली उघडी असताना तिचा फोल्डर नुसता कॉपी केला, तर काही फायली पाच मिनिटांपूर्वीच्या आणि काही आत्ताच्या अशी खिचडी होऊ शकते. कीर्द कालची आणि खतावणी आजची, मग तेरीज जुळणार कशी? चांगली बॅकअप सॉफ्टवेअर विंडोजच्या 'शॅडो कॉपी' सोयीनं सगळ्या डिस्कचा एका क्षणाचा फोटो घेतात आणि त्यातून फायली उचलतात. तरीही टॅलीतून बाहेर पडून बॅकअप घेणं सर्वांत बिनधोक. टॅलीचा स्वतःचा 'बॅकअप' पर्याय आठवड्यातून एकदा वापरून ती फाइलही सर्व्हरवर जाऊ द्यावी. आणि एक: नव्या आवृत्तीत गेलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून कुठल्या आवृत्तीचा बॅकअप आहे हे फोल्डरच्या नावातच लिहावं.

आउटलुकची पीएसटी फाइल कार्यक्रम चालू असेपर्यंत अडकलेली असते आणि एक मेल आला तरी सगळी फाइल 'बदललेली' धरली जाते. १५ जीबीची फाइल रोज नव्यानं कॉपी होते. यावर 'पीएसटीच सर्व्हरवर ठेवू' असा उपाय काहीजण करतात. तो करू नये, नेटवर्कवरून पीएसटी चालवणं मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही आणि फाइल बिघडते. वर्षावर्षाच्या वेगळ्या पीएसटी कराव्यात. जुन्या वर्षांच्या बदलत नाहीत, त्यामुळं पुन्हा कॉपीही होत नाहीत.

सीमाभागातल्या ऑफिसांचं एक खास दुखणं फाँटचं आहे. जुनी मराठी पत्रं श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये, कन्नडमधली 'नुडी'मध्ये. या जुन्या पद्धतीत पडद्यावर 'क' दिसत असला तरी फायलीत खरं तर इंग्रजी कळफलकावरचं एखादं चिन्ह साठवलेलं असतं. फाँट असेल तोवर ते अक्षर, फाँट गेला की नुसता गिचमिडा. फायली जपल्या आणि फाँट जपले नाहीत तर पंधरा वर्षांचे ठराव, इतिवृत्तं, करारनामे असून नसल्यासारखे होतात. फाँट, ते बसवायचं सॉफ्टवेअर आणि परवान्याची माहिती बॅकअपमध्ये हवीच. महत्त्वाची जुनी कागदपत्रं युनिकोडमध्ये बदलून घेता आली तर उत्तमच, निदान पीडीएफ करून ठेवावीत. पीडीएफमध्ये बहुधा फाँट आतच बसतो.

डिजिटल सहीच्या टोकनचा मात्र बॅकअप होत नाही. सहीची गुप्त किल्ली त्या यूएसबी टोकनमधून बाहेर येऊच नये अशी ती रचना आहे. हरवलं तर नवी सही काढणं एवढाच मार्ग. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाचं यंत्र, कारखान्यातलं सीएनसी मशीन हीसुद्धा 'टेबलं'च आहेत. सीएनसीच्या कंट्रोलरमधले प्रोग्राम आणि सेटिंग बऱ्याच मशीनमध्ये एका बॅटरीच्या आधारानं टिकून असतात. बॅटरी संपेपर्यंत तिची आठवण कुणाला येत नाही. ते प्रोग्राम संगणकावर उतरवून घेतले की पुढं बॅकअपमध्ये आपोआप येतात.

कायदा काय म्हणतो

जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२४-२५ च्या वर्षाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर तो डेटा ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हवा. नियम ५७ तर थेट बॅकअपबद्दलच आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवावा आणि अपघातानं किंवा नैसर्गिक कारणानं नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता याव्यात, असं तो सांगतो. 'संगणक गेला साहेब' हे कारण म्हणून चालत नाही. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या बदलानंतर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर दररोज लागतो, आणि पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात.

म्हणून नुसती 'कालची प्रत' पुरत नाही. रोजच्या प्रती दोन-तीन आठवडे, आठवड्याच्या दोन-तीन महिने, महिन्याच्या दोन वर्षं आणि ३१ मार्चची तसंच ऑडिट पूर्ण झाल्यानंतरची अशी प्रत पूर्ण मुदतभर, एवढी उतरंड लहान ऑफिसाला पुरेशी आहे. बदललेलंच साठवणारं सॉफ्टवेअर असेल तर वाटते तेवढी जागा लागत नाही.

पाणी वर चढतं तेव्हा

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यात कितीतरी दुकानं आणि ऑफिसं पाण्याखाली गेली. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच खोलीत कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर यांत फरक उरत नाही. सर्व्हर जमिनीवर न ठेवता वर ठेवावा ही झाली पहिली गोष्ट. आग, चोरी यांनाही तोच न्याय. म्हणूनच जाणकार तीन प्रती सांगतात: एक चालू कामाची, एक सर्व्हरवर, एक त्या इमारतीच्या बाहेर.

बाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवायची तर वेग बघावा. अपलोडला २० एमबीपीएस मिळत असतील तर १०० जीबीला जवळपास बारा तास लागतात. पहिली खेप सोडली तर नंतर अडचण येत नाही. त्याहून सोपी आणि इथल्या ऑफिसांना मानवणारी पद्धत म्हणजे दोन पोर्टेबल डिस्क. शुक्रवारी एक सर्व्हरला जोडायची, प्रत झाली की काढून मालकानं घरी न्यायची, पुढच्या शुक्रवारी दुसरी. काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत कुठलंही रॅन्समवेअर पोचत नाही, हा मोठा फायदा. त्या डिस्कमध्ये शेकडो लोकांचे आधार, पॅन, बँकेचे तपशील असतात, तेव्हा ती 'बिटलॉकर'नं कुलूपबंद करावी. कुलपाची लांबलचक किल्ली छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. ऑफिसच्या संगणकातच ठेवली, तर संगणक गेल्यावर डिस्कही उघडायची नाही.

परत आणून बघितलंय का?

बॅकअप 'झाला' असा हिरवा टिळा पडद्यावर दिसणं आणि फाइल परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यातून एकदा कुठल्याही एका टेबलाचा बॅकअप दुसऱ्याच संगणकावर उतरवावा. टॅलीत ती कंपनी उघडून बँकेची आणि रोखीची शिल्लक मूळाशी ताडून बघावी. एक जुनं मराठी पत्र आणि एक स्कॅन उघडून बघावं. अर्ध्या तासाचं काम. तारीख, काय उतरवलं, जुळलं की नाही आणि सही, एवढं एका साध्या वहीत लिहावं. हे काम कुणाचं, हे नावानिशी ठरवावं. 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हटलं की कुणीच ठेवत नाही. ठरवलेल्या माणसाशिवाय आणखी एकाला ते यायला हवं, नाहीतर त्याच्या घरी लग्न निघालं की बॅकअपलाही सुट्टी.

सध्या ही तपासणी लगेच करून घ्यायला आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानं ऑफिसांत विंडोज ११ चे संगणक येत आहेत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून फायली शेअर करण्याचे नियम कडक झाले. बिनपासवर्डचा, 'गेस्ट' म्हणून उघडणारा शेअर 'प्रो' आवृत्ती स्वीकारत नाही, आणि जुन्या नॅस पेट्यांशी तिचं जमत नाही. अद्यतन रात्रीत होतं, सकाळी संगणक नेहमीसारखा चालतो, बॅकअप तेवढा गपचूप थांबलेला असतो. काही तंत्रज्ञ अशा वेळी सुरक्षेचे ते नियमच बंद करून देतात. त्यापेक्षा सर्व्हरवर नाव आणि पासवर्ड असलेलं रीतसर खातं करून घ्यावं आणि पेटीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं. तेही जमत नसेल इतकी पेटी जुनी असेल तर ती बदलावी.

नवा संगणक आल्यावर जुना लगेच विकायची किंवा फॉरमॅट करायची घाई नको. त्यातली डिस्क काढून तिच्यावर टेबलाचं नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवावी. दरमहा ११ आणि २० तारखेची विवरणपत्रं, तिमाहीचं टीडीएस आणि एक वार्षिक विवरणपत्र नव्या संगणकावरून बिनतक्रार गेलं, की मगच ती पुसायला हरकत नाही.